धुराचा उतार

ठकूबाईचा श्वास मोजायचा तर तो तिला कळू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी श्रीपतला सांगितलं होतं. कळलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून श्रीपत सकाळी ओटीवर मिश्री लावत बसायचा आणि आतल्या भिंतीवरच्या घड्याळावर एक डोळा ठेवायचा. समोर पायरीवर ठकूबाई बसलेली असायची. तळवे गुडघ्यांवर दाबलेले, खांदे वर चढलेले, ओठ गरम चहा फुंकावा तसे गोल. गळ्याखालची खळगी आत गेली की एक. परत आत गेली की दोन.

बुधवारी मिनिटाला सव्वीस भरले. सोमवारी बावीस होते.

"काय बघताव?"

"काय नाय. दात घासतोय."

"माझ्या गळ्यात हायत व्हय तुमचे दात?"

तो उठून चूळ भरायला गेला. मार्चचा शेवटचा आठवडा होता, पण तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. माथेरानचा डोंगर दिसत नव्हता. दोरीवरचं लुगडं परवापासून ओलंच होतं. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. अशा हवेत ठकूबाईला न्हाणीपर्यंत जायलाही मध्ये एकदा भिंत धरावी लागायची. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत ती अंगण झाडायची. हवा जड झाली की तिच्या छातीतून पेटीच्या फाटक्या भात्यासारखा आवाज यायचा.

कर्जतच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत तिला विचारलं होतं, बिडी ओढता का. ती इतकी रागावली होती की उत्तर श्रीपतला द्यावं लागलं. मग डॉक्टरांनी चूल किती वर्षं, ते विचारलं. चाळीस. आणि वीटभट्टी? नऊ हंगाम. "मग न पेटवताच ओढल्यात तुम्ही," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहू लागले. श्वास तिशीच्या वर गेला की घेऊन या, आणि बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली आला तर थांबू नका. हे दोन आकडे श्रीपतला पाठ होते. यंत्र सुनेने, पौर्णिमाने आणलं होतं. ती कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. मुलगा प्रीतम माथेरानला हॉटेलात होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. वाफेने औषध देणारं मशीन बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर, पांढऱ्या रुमालाखाली झाकून ठेवलेलं असायचं.

चूळ भरून श्रीपत शेतावर गेला. दोन गुंठ्यांवर राब रचायचा होता. खाली ऐनाची वाळलेली टहाळं, त्यावर गळक्या पानांचा पातेरा, त्यावर शेण, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर, म्हणजे आग भडकत नाही, दमाने जळते. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि पावसाळ्यात भाताचं रोप जोमाने येतं. गावात सगळे राब एकाच सकाळी भाजायचे, म्हणजे आग पसरली तर विझवायला सगळी माणसं बांधावर असतात. आणि भाजायचे ते उजाडतानाच, वारा उठायच्या आत.

ठकूबाई मागून काठी टेकत आलीच. पौर्णिमाने सुट्टी टाकली होती. ती शेणाची पाटी उतरवत म्हणाली, "आई, तुमी कशाला आलाव?"

"तुमी दोगं माती जाड टाकता. जाड टाकली की आत कोंडतो आन् नुसता धुपतो." तिने बांधावर बसून दोन श्वास घेतले. "त्या कोपऱ्याला… शेन कमी हाय."

गेल्या वर्षी राबाच्या दिवसापासून ती चार दिवस आडवी होऊ शकली नव्हती. उशीवर डोकं टेकलं की गुदमरायची. श्रीपत ते चार दिवस तिच्याजवळ बसून होता. पहिल्या सकाळी दारातून बघताना त्याच्या लक्षात आलं होतं की धूर वर जात नाही. आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढतो, तिथे थबकतो, आडवा पसरतो आणि मग खाली सरकतो. एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात सोडावं, तसा तो वरच्या शेतांतून बांधाबांधाने उतरत त्यांच्या बौद्धवाड्यात आला होता. वाडा गावाच्या तळाला, ओढ्याच्या काठी. तिथून पुढे धुराला जायला वाट नव्हती. ऊन तापलं, नऊ वाजले, तेव्हा तोच धूर काठीसारखा सरळ उभा राहिला आणि निघून गेला.

म्हणून या वर्षी त्याने आधीच ठरवलं होतं. राब रविवारी भाजायचे होते. शनिवारी ठकूबाईला पौर्णिमाच्या माहेरी कुंभिवलीला सोडायचं, मंगळवारी आणायचं.

"तिकडं हायवेच्या ट्रकांचा धूर, हिकडं राबाचा," ठकूबाई म्हणाली होती. "तिकडचा पाव्हन्यांचा तरी."

दुपारी श्रीपतचा भाचा राकेश टेंपो रस्त्याला लावून बांधाबांधाने आला. हातात मोबाईल. "मामा, उद्या सांच्याला अवकाळी दाखवतायत. पदूशेट म्हनतो रविवार नाय, उद्याच सकाळी भाजायचा. राब भिजला की झालं."

श्रीपतचा मातीने भरलेला हात तसाच राहिला. भिजलेला राब पेटत नाही, नुसता धुपत राहतो, दोन दोन दिवस. ते वाईटच. पण उद्या?

"आज सांच्याला कुंभिवलीला सोडशील हिला?"

"सोडतो की."

"मी जात नाय," ठकूबाई म्हणाली. "आज माझ्याच्यानं टेंपोत बसवत नाय. तासभर त्या खड्ड्यांतनं… आन् तिकडं काय झालं तर? लोकाच्या दारात?"

तिला एवढं बोलायला तीन वेळा थांबावं लागलं. श्रीपतने तिच्या गळ्याकडे पाहिलं. घड्याळ जवळ नव्हतं, पण सकाळपेक्षा जास्त होते. टेंपोत, वाटेत तिला काही झालं तर? त्याने राकेशला थांब म्हणून सांगितलं. आधी पदूला विचारू, असं त्याने ठरवलं.

गावात पहिला राब पदू पेटवायचा, मग बाकीचे. त्याचं घर गावाच्या वरच्या अंगाला. त्याची सात खाचरं वाड्याच्या बरोब्बर वर, एकाखाली एक. तो अंगणात फवारणीच्या टाकीत पाणी भरून नळी तपासत होता. आग बांधाबाहेर गेली तर मारायला.

"ये रं श्रीपत. झाला राब रचून?"

"झाला." श्रीपत अंगणातच उभा राहिला. "उद्या भाजताव म्हनं."

"पाऊस म्हनतायत ना सांच्याला."

"भाजा की. मी कुठं नको म्हनतो? फकस्त सहाला नको. नऊला भाजा."

"नऊला वारा उठतो."

"त्यासाटीच म्हनतो."

पदूने नळी खाली ठेवली. "चाळीस वर्सं राब भाजतोस ना रं? वारा उठल्यावर भाजलेला कोनी बघितलायस?"

सोनुबाई, पदूची बायको, चहा घेऊन आली. पदूला कपबशी, श्रीपतला कागदी कप. कप गरम चहाने मऊ पडला होता. श्रीपतने तो दोन्ही हातांनी तळाशी धरला. "सकाळचा धूर वर जात नाय, पदूभाऊ. आंब्याच्या शेंड्यापतोर जातो आन् आडवा व्हतो. मंग उताराला लागतो, पान्यासारका. आमी उताराला हाव."

"धुराला कुठं उतार असतो व्हय?" पदू हसला.

"एकदा सकाळच्याला आमच्या पायरीवर येऊन बघा."

पदूचं हसू ओसरलं. तो वाड्यात निवडणुकीला येऊन गेला होता, त्यालाही तीन वर्षं झाली होती.

"हे बघ, माझी पेंढ्याची उडवी राबाच्या अंगालाच हाय. वाऱ्यानं ठिनगी गेली तर माझ्या म्हशींना तू काय घालशील?"

"मी टाकी घेऊन उडवीपाशी उबा राहतो. वाड्यातले धा जन आनतो. एक ठिनगी पडू देत नाय." श्रीपतचा आवाज बारीक झाला. "तिचे सव्वीस चाललेत. गेल्या वर्सी मी कसे काडले चार दिस, मला म्हायती. औंदा ती नाय निभायची."

पदूने कपबशी खाली ठेवली. सोनुबाई दाराच्या चौकटीतून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की नऊपतोर. ठकूवैनी आपल्या लावणीला यायच्या. त्यांच्यावानी मूठ कोनाची बसत नव्हती."

"बरं," पदू म्हणाला. "नऊला. पन आभाळ खाली आलं तर मला बोलू नको."

"नक्की ना?"

"बरं म्हनलो ना रं."

श्रीपत उताराने घरी आला. ठकूबाईला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"नऊ वाजता भाजनार," तो म्हणाला. "कबूल झाला."

"जमीन मागितली नाय, पानी मागितलं नाय." ती श्वासासाठी थांबली. "आन् आता हवा मागून आलात."

 पौर्णिमाने खिडक्यांना ओली चादर लावली, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं, मशीन लावून पाहिलं. बोटावरचा आकडा एक्याण्णव होता. राकेशला श्रीपतने घरी जायला सांगितलं. पदूच्या त्या एका 'बरं'च्या भरवशावर त्याने टेंपो परत पाठवला होता, आणि पुढे ज्याला ज्याला त्याने ही हकीकत सांगितली, त्याला त्याने हे आधी सांगितलं.

पहाटे पाचला पत्र्यावर थेंब वाजले. दहा-बारा असतील. मग बंद झाले. श्रीपत अंथरुणात ताठ पडून पुढचे थेंब ऐकत राहिला. ते आले नाहीत. पण वरच्या अंगाला पदूनेही ते दहा-बारा ऐकले असणार, हे त्याला माहीत होतं.

सहाला वास आला. त्याने गोणपाट बाजूला करून दार उघडलं. आभाळ करडं होतं. वरच्या खाचरांत सात ठिकाणी लाल रेघा दिसत होत्या आणि माणसं हातात हिरवी डहाळी घेऊन बांधांवरून पळत होती. पदूच्या राबापाठोपाठ सगळ्यांनीच पेटवले होते. धूर आंब्याच्या शेंड्यापर्यंत गेला आणि तिथे कोणी हात आडवा धरावा तसा वाकला.

"पौर्णिमा! मशीन!"

धूर पहिल्या खाचरातून दुसऱ्यात आला. श्रीपत बघत राहिला. धूर बांधाशी थांबत होता, भरत होता, मग बांधावरून सांडत होता. आवाज अजिबात नव्हता. वाड्यातल्या पहिल्या घराची कौलं दिसेनाशी झाली तेव्हा तो आत पळाला.

ठकूबाई खाटेच्या कडेला बसली होती, दोन्ही हात खाटेत रोवून. पौर्णिमाने तिच्या तोंडाला मशीनचा मास्क लावला. मशीन घरघरू लागलं, वाफ आली. ठकूबाईच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या होत्या. खळगी इतक्या झटपट आत-बाहेर होत होती की श्रीपतचे आकडे चुकले. त्याने परत पहिल्यापासून मोजले. छत्तीस.

बोटावर सत्त्याऐंशी. मग शहाऐंशी.

"औषध चाललंय, मग आकडा का उतरतोय?" पौर्णिमा म्हणाली. तिने वाकून मशीनच्या मागच्या जाळीला बोट लावलं. बोट काळं झालं.  "बाबा, हे हीच हवा वढतंय. घरातलीच. धूरच पाजतोय आपण त्यांना."

तिने मशीन बंद केलं. ठकूबाईने मास्क ओरबाडून काढला. तिचे ओठ जांभळट दिसत होते. पौर्णिमाने अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने पत्ता दोनदा विचारला आणि धुक्यामुळे पाऊण तास लागेल म्हणाला.

राकेश दारात आला, तोंडाला उपरणं बांधून. "मामा, टेंपो काडतो. रस्त्याला नेऊ, तितनं नेरळला."

"रस्ता दिसतो का?"

"लाइट लावून मला माझाच टेंपो दिसत नव्हता."

रस्ता ओढ्याच्या कडेने जात होता, वाड्यापेक्षाही खाली. गावातला आजारी माणूस नेहमी खालीच न्यायचा. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसंही झोळी करून आजाऱ्याला खालीच आणायची, कारण गाडी खाली, दवाखाना खाली. श्रीपतने दाराबाहेर पाहिलं. धूर उंबऱ्यावरून आत येत होता, गुडघ्याएवढा.

"वर न्यायची," तो म्हणाला.

"वर कुठं?"

"माळावर. धुराच्या वर."

"मामा, मधी सगळे राब पेटलेत! त्यातनंच जायला लागंल!"

"साडेतीनशे पावलं हायत. मी टहाळं वाहिलीत तिकडनं."

प्लास्टिकच्या खुर्चीवर ठकूबाईला बसवलं आणि तिच्याच लुगड्याने कमरेला बांधलं. राकेशने खुर्चीची पाठ धरली आणि पुढे झाला, श्रीपतने खालचे पाय धरले. त्यामुळे ठकूबाईचं तोंड श्रीपतकडे होतं. पौर्णिमाने तिच्या नाकातोंडावर ओला पंचा धरला, तो तिने झिडकारला. पंच्याखाली तिला कोंडत होतं.

पहिल्या बांधापर्यंत कोणी बोललं नाही. धूर डोळ्यांत गेला की डोळे मिटून चालायचं आणि पायांनी बांध चाचपायचा. श्रीपत श्वास न घेता वीस पावलं जायचा, एक घ्यायचा, परत वीस. ते करता करता त्याला कळलं की हे आपण आपल्या मर्जीने करतोय, तिला दुसरं काही करताच येत नाही. दुसऱ्या बांधानंतर डाव्या हाताला आग दिसली. धग गालाला लागली. ठकूबाईने ती पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने खुर्चीचे हात सोडून श्रीपतची मनगटं पकडली. नखं रुतली.

"कु… ठं…"

"वर न्हेतोय. वर. बोलू नको."

"जा… ळा…"

"नाय गं! वर!"

तिला वाटत होतं, तो तिला आगीत नेतोय. तिच्या डोळ्यांत त्याला ते स्पष्ट दिसत होतं आणि पटवून द्यायला त्याच्याकडे श्वास नव्हता. नेऊन ठेवेपर्यंत ही राहिली नाही तर तिने शेवटचं काय पाहिलेलं असेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याचा पाय बांधावरून घसरला. खुर्ची कलली. राकेश वरून ओरडला, "मामा, धरा!"

तिसऱ्या बांधावर डहाळी घेतलेली माणसं उभी होती. त्यांनी हात थांबवून पाहिलं. त्यांच्यात पदू होता, चेहरा काजळीने माखलेला. तो पुढे आला.

"थेंब पडले रं श्रीपत. पाचला थेंब पडले, मी काय करनार…"

"खुर्ची धरा," श्रीपत म्हणाला.

पदूने डहाळी टाकली. खुर्चीचा एक पाय त्याने धरला. त्यानंतर चढ जमला. करवंदीच्या जाळ्या लागल्या. पुढे राकेशचं डोकं एकदम स्वच्छ दिसलं, केसातली काडीसुद्धा. तो थांबला. "मामा, संपला!"

धूर तिथे खरोखरच संपला होता. तळ्यातून वर येताना पाण्याची कड जशी छातीला, मग कमरेला लागते, तशी त्याची कड होती. चार पावलांत ते बाहेर आले आणि माळावर खुर्ची टेकवली. मागे वळून पाहिलं तर खाली गाव नव्हतं, वाडा नव्हता. डोंगरापासून डोंगरापर्यंत एक सपाट मळकट पांढरा थर होता, आणि त्यातून उंच झाडांचे शेंडे तेवढे वर आलेले.

पौर्णिमाने सोबत आणलेला, औषध तोंडात मारायचा पंप त्याच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला जोडला आणि ठकूबाईच्या ओठांत धरला. एक. थांबून दोन. थांबून तीन. बोटावर ब्याऐंशी होतं.  श्रीपत तिच्या पुढ्यात गवतावर बसून गळ्याकडे बघत होता. आता लपवायचं कारण नव्हतं. चाळीस. पाच मिनिटांनी अडतीस. बोटावर चौऱ्याऐंशी. मग पंचाऐंशी, आणि बराच वेळ पंचाऐंशीच.

पौर्णिमाचा फोन वाजला. अँब्युलन्स लवकर आली होती, ओढ्याजवळच्या रस्त्यावर उभी होती. पेशंटला खाली आणा म्हणत होते.

"खाली नाय आनत," श्रीपत म्हणाला. "त्यांना वर बोलव. हवा घेऊन."

पौर्णिमाने तसं सांगितलं. पलीकडून काहीतरी मोठ्याने बोलणं ऐकू आलं. "सिलेंडर घेऊन डोंगर चढू का, म्हणतायत. दोघंच हायत. आन् वाट म्हाईत नाय."

पदू उठला. "मी जातो. मी घेऊन येतो." तो करवंदीपर्यंत गेला, थबकला आणि धुरात उतरला. त्याचे पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग डोकं.

साडेसातला ढगामागे ऊन जाणवायला लागलं. शहाऐंशी झाले होते. श्रीपतने पहिल्यांदा पाठ ताठ केली. तेव्हा त्याला दिसलं की करवंदीची खालची जाळी गेलीय. मघाशी ती धुराबाहेर होती. तो बघत राहिला. जाळीच्या वरचा एक दगड होता. त्या दगडाचा पाया पांढरा झाला, मग मध्य. खालची जमीन तापायला लागली होती. धूर आता उताराला नव्हता, चढाला लागला होता.

"राकेश. उचल."

"आता कुठं?"

"आनखी वर."

पण माळाच्या वर पायवाट अरुंद होती, खुर्ची जात नव्हती. श्रीपतने लुगड्याची गाठ सोडली आणि ठकूबाईला पाठीवर घेतलं. ती हलकी होती. त्याला वाटलं होतं त्याहून फारच हलकी, आणि त्याला त्याचीही भीती वाटली. तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर होती. प्रत्येक श्वास त्याच्या कानात शिरत होता, आत घेताना छोटा, सोडताना लांब आणि शिट्टीसारखा. तो थांबला तर मला आधी कळेल, असं म्हणत तो चढत होता. राकेश मागून तिला आधार देत होता. पौर्णिमा दर थोड्या वेळाने मागे वळून सांगत होती, "खुर्चीपर्यंत आलाय… खुर्ची गेली."

एका ऐनाच्या बुंध्याशी तो थांबला. त्याने तिला बुंध्याला टेकवून बसवलं. बोटावर चौऱ्याऐंशी. खाली धूर आणि ते यांच्यात एका खाचराएवढी जागा होती. आता वर कातळ होता.

त्या धुरातून आधी सिलेंडर दिसला, खांद्यावर आडवा. मग पदू. मागे निळ्या शर्टातला अँब्युलन्सचा एक पोरगेला माणूस, हातात पेटी. पदू दहा पावलं चढून आला, सिलेंडर खाली ठेवला आणि वाकला. त्याला खोकला आवरेना. खोकत खोकत तो जमिनीवर बसला. डोळ्यांतून पाणी आणि नाकातून काळं येत होतं. निळ्या शर्टवाल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने चावी फिरवली, नळी जोडली, मास्क ठकूबाईच्या तोंडाला बांधला आणि काटा बघत हळूहळू हवा सोडली.

"जास्त सोडायची नाही यांना," तो स्वतःशीच म्हणाला. मग श्रीपतला, "अठ्ठ्याऐंशी झाले की खाली नेऊ. दवाखान्यात न्यायलाच लागेल."

सत्त्याऐंशी व्हायला खूप वेळ लागला. त्या वेळात कोणीतरी फुंकर मारावी तशी झुळूक आली. ऐनाची वाळकी पानं खडखडली. दुसरी झुळूक आली ती थांबली नाही. खाली पांढऱ्या थराला भोकं पडली, त्यातून पदूच्या घराची कौलं दिसली, मग उडवी, मग खाली वाडा. धुराच्या आडव्या चादरीच्या काठ्या झाल्या आणि सगळ्या सरळ वर निघाल्या. राकेशने मोबाईल बघितला. नऊला पाच कमी होते.

पदू अजून बसूनच होता, तळवे गुडघ्यांवर दाबून. त्याने श्रीपतकडे न बघता म्हटलं, "पुढल्या वर्सी नऊला भाजू. सगळ्यांना सांगतो मी."

  श्रीपत ठकूबाईच्या बोटावरचा आकडा बघत होता.

ठकूबाईने हात उचलला आणि मास्क खाली ओढला.

"अगं, काडू नको!" श्रीपत दचकून पुढे झाला. निळ्या शर्टवालाही. तिने दोघांना हाताने थांबवलं. ती पदूकडे बघत होती. तिने श्वास जमवला, खांदे वर गेले, गळ्याची खळगी खोल आत गेली. तीन शब्दांपुरती हवा जमली.

"पदूभाऊ… ढग कुठाय?"

पदूने वर पाहिलं. राकेशनेही पाहिलं, पौर्णिमानेही. माथेरानचा डोंगर चार दिवसांनी पहिल्यांदा अख्खा दिसत होता, वर आभाळ धुतल्यासारखं निळं. पदूची मान बराच वेळ वरच राहिली. कुठेतरी एखादा तरी असेल म्हणून तो शोधत होता.

श्रीपतने तिच्या हातातून मास्क घेतला, परत तिच्या तोंडावर बसवला आणि तळव्याने दाबून धरला. निळ्या शर्टवाला म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी. चला." खालच्या राबांतून धूर अजून उठत होता, आणि त्यांना त्यातूनच उतरायचं होतं.